मंजुळाक्काच्या टाचा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही बोटं मोकळी करा, मघापासून वाजवून वाजवून लाल झाली असतील. आता एक प्रश्न विचारतो. उत्तर द्यायची घाई करू नका.

मत्सर कोणाला भाजतो?

हां! पुढच्या आजोबांनी लगेच सांगून टाकलं – "ज्याच्या पोटात असतो त्याला." बरोबर आहे, आजोबा. आणि बायकांच्या बाजूनं कोणीतरी पुटपुटलं – "नाही बुवा, ज्याचा करतात त्याला." त्यातही अनुभव दिसतोय! जाऊबाई शेजारीच बसल्या असतील, मी काही तिकडं बघत नाही. पण मंडळी, दोन्ही उत्तरं अर्धी आहेत. उरलेलं अर्धं कळायला एका बाईला अख्खा जन्म लागला. तुम्हाला तासाभरात कळेल, फक्त जागे राहा. खांबाला टेकलेले पाटील, तुम्हाला म्हणतोय!

आज आख्यान पायांचं आहे. देवाच्या पायांचं नव्हे. त्या पायांवर डोकं ठेवायला सगळेच तयार असतात. आज माणसाचे पाय – भेगाळलेले, सुजलेले, संध्याकाळी ठणकणारे. तुम्हाला आहेत ना? मलाही आहेत. दोन तास झाले इथं उभा आहे, आणि पोटऱ्या कधीपासून हाका मारतायत. पण माझं राहू द्या.

तळखांब नावाचं गाव. एका बाजूला कडा, कड्यावर कडजाईचं देऊळ आणि देवळाला सहाशे बारा पायऱ्या. मोजल्यात कोणी? तळखांबच्या प्रत्येक माणसानं मोजल्यात, कारण गाव पोट भरतं ते त्या पायऱ्यांवर. म्हातारीकोतारी माणसं, जडावलेल्या बाया, लंगडे-पांगळे – यांना डोलीत बसवून वर न्यायचं आणि खाली आणायचं. चार खांदे, आठ पाय, दिवसात तीन फेऱ्या. मला सांगा, त्या आठ पायांचं संध्याकाळी काय होत असेल?

ते पाय जायचे मंजुळाक्काच्या ओट्यावर. पहिल्या पायरीच्या समोरच तिचं घर. मंजुळाक्का म्हणजे डोलीवाल्या सयाजीची बायको. वय पन्नाशीच्या पुढं, बोलणं कमी, हात खरखरीत आणि डोळा असा, की माणूस पायरी उतरताना बघूनच ही बाई सांगणार – "डाव्या अंगठ्याखाली कुरूप हाय. ये इकडं."

काय करायची? चुलीवर घमेलंभर पाणी. त्यात मूठभर जाडं मीठ, निर्गुडीचा पाला. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम. त्यात पाय सोडून बसायचं, पाणी कोमट होईपर्यंत बोलायचं नाही. मग पाय पुसून काशाची वाटी. घरचं तूप तळव्याला लावायचं आणि वाटीनं घासायचं – टाचेकडून बोटांकडं, बोटांकडून टाचेकडं. तूप काळं पडायला लागलं की म्हणायची, "निघाली उष्णता." आता शिकलेली माणसं म्हणतात, तो काशाचा काळेपणा, उष्णता-बिष्णता काही नाही. असू दे बाबा! माणसाला तिथंच ओट्यावर डुलकी लागत होती, ती तरी खरी ना? टाचेला भेग असली तर तिळाच्या तेलात मेण वितळवून मलम. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर मेंदीचा पाला वाटून. आणि जुनं, दगडासारखं कुरूप असलं तर – बिब्बा. बिब्ब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटतं त्याचा एक ठिपका नेमका कुरपावर. एकच!

माता-भगिनींनो, एक हात जोडून सांगतो. मीठ-पाणी करा, वाटी घासा, पण बिब्ब्याला घरी हात लावू नका. जाड कातडीला तो औषध आहे आणि कोवळ्या कातडीला विस्तव. उतला, की फोडावर फोड येतात. मंजुळाक्का जाणती होती, म्हणून ती सुईच्या टोकानं लावायची. बोटानं कधी शिवली नाही. हे ध्यानात ठेवा.

तर असा हा ओटा. वीस वर्षं गावात दुसरा नव्हता. आणि त्या ओट्याला एक मान होता. चैत्रात कडजाईची जत्रा. त्या दिवशी देवीचा चांदीचा मुखवटा डोक्यावर घेऊन मानकरी अनवाणी सहाशे बारा पायऱ्या चढतो आणि उतरतो. भर दुपारी, तापलेल्या दगडावरून! तो मानकरी म्हणजे केरबा. साठीचा, सडसडीत, हट्टी. खाली उतरला की पहिल्या पायरीपाशी एक चौरंगासारखा दगड आहे, त्यावर तो बसतो. त्याचे पाय परातीत धुवायचे आणि काशाच्या वाटीनं चोळायचे. ते झाल्याशिवाय गुलाल उधळत नाहीत, जत्रा पुरी होत नाही. हे पाय चोळायचा मान मंजुळाक्काच्या सासूचा आणि सासूमागं तिचा. एकोणीस वर्षं. वर्षातला तो एक दिवस असा, की गावातली सगळी माणसं मंजुळाक्काकडं बघायची. बाकी दिवस ती लोकांच्या पायांकडं बघायची.

मग समोरच्या घरात सून आली. वेणू. नारळ-खणाच्या दुकानवाल्याची बायको, तिशीची, हसऱ्या तोंडाची. पहिलं वर्ष दुकानात बसली. दुसऱ्या वर्षी दुकानापुढं एक म्हातारी चक्कर येऊन बसली, तिचे पाय वेणूनं गरम पाण्यात सोडले. म्हातारीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. झालं! समोर दुसरा ओटा उभा राहिला.

मंडळी, औषध तेच. मीठ तेच, निर्गुडी तीच, वाटी काशाचीच. फरक एवढाच – मंजुळाक्का म्हणायची, "गप बस, पाय हलवू नको." आणि वेणू म्हणायची, "कुठनं आलात, मावशी? बरोबर कोण आलंय? लेक नाही आली?" बस. माणूस पाय दाखवायला जायचा आणि मन मोकळं करून यायचा. सांगा, तुम्ही कुठं गेला असता?

तिकडंच गेले सगळे. आणि मंजुळाक्का काय करायला लागली? चपला मोजायला लागली! समोरच्या ओट्याखाली काढून ठेवलेल्या चपला. सकाळी सात जोड, दुपारी अकरा. आपल्याकडं? चार. त्यातला एक जोड सयाजीचा, म्हणजे खरे तीनच. भाकरी थापता थापता मोजायची, पाणी भरता भरता मोजायची. नव्या कोल्हापुरी दिसल्या की म्हणायची, "मोठी माणसं बी तिकडंच." एखाद्याची चप्पल उलटी पडलेली दिसली की तेवढंच समाधान. हसताय काय? तुम्ही चपला मोजत नाही, बरोबर. तुम्ही शेजारच्याच्या दारात उभ्या गाड्या मोजता!

माझे गुरुजी एक ओळ म्हणायचे. त्यांनीच जुळवलेली, साधी –

दुजियाचे दारीं । पाहूनिया दिवा ।
कां रे जळे जीवा । तुझी वात ॥

म्हणा माझ्यामागं... हं, बायका म्हणतात, पुरुष नुसते ओठ हलवतात. चालायचंच.

तर एवढंही मंजुळाक्कानं गिळलं असतं. पण एक दिवस काय झालं – सयाजी तिसरी फेरी करून उतरला. स्वतःच्या ओट्यावर दोन परगावची माणसं पाय सोडून बसलेली. हा बाबा दमलेला, थांबला नाही, गेला समोर. वेणूनं पाय चोळून दिले. आणि घरी येऊन जेवायला बसला, पहिला घास मोडला आणि म्हणाला –

"वेणूचा हात लई हलका हाय गं. झोपच लागली मला."

अरे देवा! पुरुषांनो, कान इकडं करा. बायको भूक सोसते, सासू सोसते, तुमचं घोरणं सोसते. पण ताटावर बसून दुसरीच्या हाताचं कौतुक? पस्तीस वर्षं जिनं रोज तुमच्या पोटऱ्या दाबल्या, तिच्यापुढं?

मंजुळाक्का तव्यावरची भाकरी उलटायची विसरली आणि ती करपली. सयाजी म्हणाला, "भाकरी करपली." ती म्हणाली, "खायची तर खा." त्या दिवसापासून ओट्यावर बसायची, पण डोळा समोर. वेणूला कोणी आंबे दिले की हिला आंब्याचा वास नकोसा व्हायचा. आणि मनात एकच – अजून मान माझा हाय. चैत्रातला तो दिवस माझा हाय.

जत्रेला तीन दिवस उरले. सकाळी देवळाचे निवृत्ती गुरव आले. बसले नाहीत, उभ्यानंच पंचा खांद्यावर सारखा करत बोलले.

"आक्का, राग धरू नका. केरबा म्हणतोय, यंदा पाय वेणूनं चोळावेत. तुमचं गुडघं दुखतात, खाली बसून उठवत न्हाई. गेल्या साली बघितलं आम्ही."

"केरबा म्हणाला?"

"केरबा म्हणाला. गावचं बी तसंच मत पडलं."

"वेणू काय म्हणाली?"

"तिला अजून इचारलं न्हाई. आधी तुमच्याकडं आलो."

"बरं," मंजुळाक्का म्हणाली. "गावाला पटलं, तर मला बी पटलं."

बघा मंडळी! तोंडात 'बरं' आणि पोटात वणवा. आपण सगळे असंच 'बरं' म्हणतो. लग्नाच्या पंगतीत म्हणतो, भावाच्या वाटणीत म्हणतो. असल्या 'बरं'ला फार भ्यावं.

दुपार झाली. वेणू धुणं घेऊन ओढ्यावर गेली. नवरा दुकानात गिऱ्हाइकांशी बोलत पाठमोरा. ओट्यावरच्या कोनाड्यात पितळेचा गडू होता. त्यात जत्रेसाठी मुद्दाम केलेलं तेल – तिळाच्या तेलात निर्गुडीचा पाला कढवलेला, कापूर घातलेला. रंग काळपट. मंजुळाक्का रस्ता ओलांडून गेली. पदराखाली एक छोटी बाटली. बाटलीत सकाळपासून दिव्यावर धरून काढलेलं बिब्ब्याचं तेल. एक ठिपका नव्हे, मंडळी. बाटली!

तिनं ते गडूत ओतलं, काडीनं हलवलं आणि परत आली.

हिशोब तिचा पक्का होता. केरबाचा तळवा म्हणजे चामडं, त्याला काही होणार नाही. पण वेणू घोट्यापर्यंत तेल लावते. घोटा उतणार, पावलाचा वरचा भाग उतणार. देवीच्या मानकऱ्याच्या पायाला फोड! मग गाव म्हणेल, हात हलका नव्हता, हात वाईट होता. आणि पुढच्या वर्षी निवृत्ती गुरव पुन्हा आपल्या दारात येऊन उभे राहतील. सगळं तिनं बघितलं होतं. एकच गोष्ट विसरली. तुम्हाला आठवतीय का? बघू कोण सांगतं... नाही? थांबा, तिलाही पुढंच कळणार आहे.

ऊन उतरलं. मंजुळाक्का ओट्यावर निर्गुडी निवडत बसली होती. समोरून वेणू आली. एका हातात गरम पाण्याचं घमेलं, दुसऱ्या हातात – तोच गडू.

"आक्का, पाय सोडा यात."

"कशाला?"

"गुरव आले होते. मानाचं बोलले. मी म्हणलं, मी मागितला न्हाई. पण केरबाबाबा हट्टी, ते काय ऐकंनात. मग माझ्या मनात आलं, हे तेल त्यांच्या पायाला लागायच्या आधी तुमच्या पायाला लागलं पायजे."

"मला काय झालंय? मी बरी हाय."

"काय बरी हाय? पायरीवर तुमच्या टाचंचं रक्त दिसतंय, आक्का. तीन वर्षं मी समोरनं बघते. पाय कसं चोळायचं ते तुमच्याकडं बघूनच शिकले मी, तुमाला सांगितलं न्हाई कधी. सगळ्या गावाचं पाय तुमच्या हाताखालनं जातात. तुमचं कोण बघतंय?"

आणि ती खाली बसली. तिनं मंजुळाक्काचा उजवा पाय उचलून पाण्यात सोडला.

मंडळी, इथं मी जरा थांबतो. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? "वेणू, तेल लावू नको, त्यात बिब्बा हाय." सात-आठ शब्द! लहान पोरगंसुद्धा म्हणेल. पण ते सात-आठ शब्द म्हणायचे म्हणजे आधी सांगावं लागणार, की त्यात बिब्बा घातला कोणी.

मंजुळाक्कानं तोंड उघडलं. "वेणू –"

"काय, आक्का?"

"काय न्हाई. पाणी कढत हाय."

वेणूनं तांब्याभर गार पाणी ओतलं. पाय पुसले. गडूतलं तेल ओंजळीत घेतलं. मंजुळाक्काची नजर त्या ओंजळीवर गेली – आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा तिला ते कळलं! पायाला तेल लावायचं तर आधी ते तळहातावर घ्यावं लागतं. चोळणाऱ्याचा हात आधी भाजतो. ती स्वतः बिब्बा सुईच्या टोकानं लावणारी, हाताचा विचारच तिच्या मनात आला नव्हता.

तरी ती बोलली नाही.

वेणू टाच चोळत होती, बोटं एकेक करून ओढत होती. आणि मंजुळाक्काला बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण सांगतो, कारण आख्यानात खोटं बोलू नये. तिला फार बरं वाटत होतं. माहेरहून निघाल्यापासून तिच्या पायाला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. सासूचे पाय चेपले, नवऱ्याचे चेपले, डोलीवाल्यांचे, यात्रेकरूंचे, केरबाचे. तिचे कोणी चेपले नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वेणूला वाटलं दुखतंय, तिनं आणखी हळू हात फिरवला, आणखी तेल घेतलं. चांगली अर्धी घटका चोळत होती बिचारी.

"आता बघा, चार दिसांत टाचा लोण्यासारख्या व्हतील," म्हणाली आणि गडू घेऊन घरी गेली. थोड्या वेळानं मंजुळाक्कानं मात्र एक केलं. तिथं जाऊन गडूला धक्का लावला, तेल सांडलं, आणि म्हणाली, "मांजरानं पाडलं वाटतं." का केलं? केरबाचे पाय वाचावेत म्हणून? का वेणूनं तेलाचा वास घेऊन बघू नये म्हणून? तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वेणूचे तळहात खाजायला लागले. जत्रेच्या दिवशी सकाळी उठली, तर दोन्ही हात सुजलेले. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, तळव्यावर – फोड! तांब्या धरवेना. डोक्यावर पदर घेता येईना.

आणि मंजुळाक्काच्या टाचा? मऊ पडल्या होत्या, भेगा भरत आल्या होत्या. जाड कातडीला बिब्बा औषध असतो, मघाशी सांगितलं ना. घोट्यावर चार-सहा फोड आले, ते लुगड्याखाली झाकले. टाच बरी झाली, आणि ज्या हातानं बरी केली तो हात जळाला!

गाव काय म्हणालं असेल? गावाला काय लागतं! "देवीनं हात धरला. मान दुसरीच्या घरचा, हिनं घेतला. कडजाई बघती सगळं." विहिरीवर तेच, पारावर तेच. नवरा दुकानात मान खाली घालून बसला. आणि वाईट काय सांगू – वेणूलाही ते पटलं. सुजलेले हात पदरात घेऊन ती मंजुळाक्काकडं आली.

"आक्का, माझं चुकलं. मी तवाच न्हाई म्हणायला पायजे हुतं. मान तुमचा. देवीची माफी मागा माझ्यासाठी."

मंजुळाक्का लुगडं घोट्यावर ओढून आत गेली.

थोड्या वेळानं निवृत्ती गुरवही आले. म्हणाले, "आक्का, आमचंच चुकलं. चला, मान तुमचाच." बघा! जे हवं होतं ते सगळं मिळालं. मान मिळाला, समोरचा ओटा मोडला, गाव शरण आलं. मत्सराची एवढी इच्छापूर्ती कधी कोणाची झाली नसेल. मग आता सुखानं झोप लागायला हवी, नाही का?

दुपारी केरबा मुखवटा घेऊन उतरला. ढोल, हलगी, माणसांनी पायऱ्या भरलेल्या. तो दगडावर बसला. परात आणली. मंजुळाक्का खाली बसली – गुडघे दुखत होते, तरी बसली. पाय धुतले. निवृत्ती गुरवांनी तुपाची वाटी पुढं केली. तिनं काशाची वाटी उचलली, तळव्याला टेकवली.

हात चालेना.

केरबा म्हणाला, "काय झालं? गुडघा धरला का?"

मंजुळाक्कानं वाटी परातीच्या कडेला ठेवली. "केरबा, माझ्या हातानं न्हाई व्हायचं. वेणूचा हात देवीनं धरला न्हाई. मी उतवलाय. तिच्या तेलात बिब्बा मी घातला. तुझ्या पायासाठी घातला हुता."

जवळची माणसं गप्प झाली. लांबच्यांना ऐकू गेलं नव्हतं, हलगी वाजतच होती. कोणीतरी हलगीवाल्याला हात केला, मग तीही थांबली. सयाजी डोलीवाल्यांच्यात उभा होता, त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं.

गर्दीतून वेणू पुढं आली. हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं. तुम्हाला वाटत असेल, आता ती म्हणेल, 'जाऊ द्या आक्का, माणूस चुकतं.' नाही, मंडळी. माणसं इतक्या लवकर देव होत नाहीत.

"तुमी तेलात बिब्बा घातला, ते एक झालं," वेणू म्हणाली. "पण मी तुमच्या पायाला तेल चोळत हुते तवा तुमी बघत हुता. तवा का न्हाई सांगितलं?"

"न्हाई सांगितलं."

"का?"

मंजुळाक्का परातीतल्या पाण्याकडं बघत म्हणाली, "बरं वाटत हुतं गं. कुणी धरलं नव्हतं कधी माझं पाय."

वेणूला रागानं बोलायचं होतं, ते तोंडातच राहिलं. केरबानं परातीतून पाय काढले. स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसले. उठला आणि म्हणाला, "यंदा गुलाल न्हाई." आणि चालत घरी गेला. त्या वर्षी तळखांबची जत्रा गुलालाविना उठली. म्हातारी माणसं अजून सांगतात.

संध्याकाळी सयाजीनं चुलीवर पाणी ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा! किती मीठ घालायचं हेही त्याला माहीत नव्हतं, शेवटी अर्धा डबा ओतला. घमेलं पुढं ठेवून म्हणाला, "पाय सोड." मंजुळाक्का म्हणाली, "आधी तिचं हात बरं होऊ दे." आणि बिब्ब्यावर उतारा म्हणून तीळ-खोबरं वाटून, वाटी घेऊन रस्ता ओलांडून गेली. वेणूनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी गेली, दार लावलेलं. तिसऱ्या दिवशी वेणूच्या नवऱ्यानं दार उघडलं. वेणूनं हात पुढं केले. बावीस दिवस मंजुळाक्का ते हात लिंपत होती. बावीस दिवसांत वेणू एक शब्द बोलली नाही. पुढंही वर्षभर तिला 'आक्का' म्हणाली नाही. बोलायची ते, "जरा सरका," "पाणी गरम हाय," एवढंच.

पुढच्या चैत्रात केरबानं सांगितलं, दोघी बसा. एक पाय हिच्याकडं, एक पाय तिच्याकडं. दोघींनी एकदमच ओढला, तर म्हणतो, "अगं, मी काय बैल हाय का, नाल ठोकायला?" गर्दी हसली. वेणूला हसू आलं. हसता हसता तिच्या तोंडून गेलं, "आक्का, तुमी टाच धरा, मी बोटं धरते." त्या वर्षी गुलाल उधळला.

आता माझा प्रश्न. मत्सर कोणाला भाजतो? ज्याच्या पोटात असतो त्याला – भाजतो, होय. पण मंजुळाक्काच्या टाचा तर बऱ्या झाल्या! ज्याचा करतात त्याला – वेणू भाजली खरी, पण बिब्बा तिच्या हातासाठी नव्हताच, केरबाच्या पायासाठी होता, आणि त्याला काहीच झालं नाही. भाजला तो हात, जो तिचेच पाय धरायला आला होता. मत्सराला डोळे नसतात, मंडळी. जो सगळ्यात जवळ येतो, त्यालाच तो आधी धरतो. आणि जवळ कोण येतं? ज्याला आपली माया असते तोच.

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं कोणाच्या तेलात बिब्बा घालतो! घालत नाही? धाकट्या भावाचं पोरगं चांगल्या नोकरीला लागलं, तेव्हा चार माणसांत काय बोललात? जावेच्या पुरणपोळीला पाहुण्यांनी वाखाणलं, तेव्हा तोंड कुठं वळवलंत? आणि तीच जाऊ तुम्ही तापानं फणफणला होता तेव्हा उशाशी बसली होती का नाही? मला उत्तर नको. मी काही तुमच्या घरी येत नाही.

पण एवढं ऐका. मंजुळाक्काला पापी म्हणणं सोपं आहे. पस्तीस वर्षं एका घरात राहून, एका गावात राहून वेणू येईपर्यंत तिच्या टाचेचं रक्त कोणालाच दिसलं नाही, त्याला काय म्हणायचं? मत्सर आकाशातून पडत नाही. जिथं माणसाकडं कोणी बघत नाही, तिथं तो उगवतो. तुमच्या घरात पहाटे सगळ्यांच्या आधी एक बाई उठते. काल ती कुठं कुठं चालली, किती वेळ उभी राहिली, तुम्हाला माहीत नाही. खरं सांगा – देवळात आहात, खोटं बोलायचं नाही – तिच्या टाचा तुम्ही शेवटच्या कधी बघितल्या?

बघा, सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आता त्या तशाच खाली ठेवून शेजारी बसलेल्या माणसाच्या पायांकडं बघा, आणि मग हरीचं नाव घ्या.